साडूंच्या इंजिनातले तीन साक्षीदार

माझ्या थोरल्या साडूंइतका संतापणारा माणूस बुलढाणा जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि त्यांच्या संतापाने आजवर एका मुंगीचंही वाकडं झालेलं नाही, हे मी तितक्याच खात्रीने सांगतो. लोक पैशावरून चिडतात, बांधावरून चिडतात, लग्नात मान मिळाला नाही म्हणून चिडतात. आमच्या साडूंना, ज्यांना सगळं खामगाव आणि मीही भाऊ म्हणतो, त्यांना असल्या गोष्टींचं काही वाटत नाही. ते चिडतात ते एकाच कारणाने. कोणी एकट्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवला, की भाऊंचं डोकं तापलंच. एकदा त्यांच्या मुलाने पुण्याहून फोन केला, "बाबा, आज खामगावला दुपारी पाऊस आहे, मोबाइलवर दाखवतंय." भाऊ अंगणात जाऊन उन्हात उभे राहिले आणि आभाळाकडे बघून ओरडले, "कोनाले इचारून? मले इचारलं? शेजाऱ्याले इचारलं? आभायाले तरी इचारलं काय?" दुपारी पाऊस आला, दोरीवरचे कपडे भिजले, भाऊही भिजले, पण राग काही उतरला नाही. "पडला त पडला," ते डोकं पुसत म्हणाले, "पन इचारायची एक रीत असते." हा माणूस गेल्या हिवाळ्यापर्यंत रोज गाडी चालवत असे. त्यांनी ती यापुढे चालवावी की नाही, असा प्रश्न गेल्या हिवाळ्यात घरात निघाला. त्या प्रश्नाचं काय झालं ते मला सांगायचं आहे, पण आधी भाऊ कसे आहेत ते सांगितल्याशिवाय त्याची किंमत कळणार नाही.

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे तापाने पडलो होतो. थर्मामीटर लावला होता आणि त्यात ताप स्पष्ट दिसत होता. भाऊंनी तो झटकून ताईंच्या हातात दिला. ताई म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, भाऊंची बायको. मग भाऊंनी माझ्या कपाळावर हात ठेवला, मग पोटावर, मग पांघरूण वर करून तळपायांवर. "कपायाचा ताप अलग, पोटाचा अलग," ते म्हणाले, "अन् पायाचा त्याहून अलग. काचेच्या नळीले काय समजते? ते त जिभीखालीच राह्यली!" मला थंडी वाजत होती, तरी हसू आलं. डॉक्टरांचं औषध चालू झालं तेही दुसऱ्या एका डॉक्टरांना आणि गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या एका निवृत्त नर्सबाईंना विचारल्यावरच. तोवर ताप आपोआप उतरला होता.

मेहकरच्या बसस्टँडवरचा प्रसंग तर आमच्या घरात अजून सांगितला जातो. भाऊंची गाडी दुरुस्तीला होती म्हणून आम्ही एसटीने निघालो होतो. भाऊंनी चौकशीच्या खिडकीत विचारलं, उत्तर आलं, साडेचार. मग उभ्या असलेल्या एका कंडक्टरला विचारलं, तोही म्हणाला, साडेचार. मग ते चहाच्या टपरीवर गेले. चहावाला कप धूत म्हणाला, "साडेचार. मीच त सांगतलं त्या दोघायले. टाइम बदलला ना, ते सकायीच मले इचारून गेले." भाऊंचा चहा हातातच राहिला. दोन वेगळे साक्षीदार म्हणून ज्यांना धरलं, ते दोघंही एकाच टपरीवरून बोलत होते! ते तडक खिडकीशी गेले आणि म्हणाले, "ही खिडकी काढा साहेब, अन् त्याची टपरी बसवा इथं! पगार बी त्यालेच द्या!" खिडकीतला माणूस म्हणाला, "काका, पन टाइम त बरोबर हाय ना?" भाऊ म्हणाले, "बरोबर असनं अलग अन् माहीत असनं अलग!" बस साडेचारला आली आणि सुटलीसुद्धा. भाऊ तेव्हा खिडकीशी भांडतच होते, म्हणून आम्ही पुढच्या गाडीने गेलो.

हा स्वभाव भाऊंनी आपल्या मोटारीच्या बोनेटखालून उचलला आहे. पाटबंधारे खात्यातून ओव्हरसीयर म्हणून निवृत्त होण्याच्या बऱ्याच आधी त्यांनी ती घेतली. तेव्हा ती पांढरी होती, आता तिचा रंग उन्हाळ्यातल्या बांधासारखा झाला आहे. घरी कोणीही पाहुणा आला की चहाच्या आधी बोनेट उघडलं जाई. "हा पाहा," भाऊ बोट दाखवत, "हा काट्याचा सेंसर. हा कम्प्युटरचा. अन् तो खाली, रेडिएटरले, तो पंख्याचा. पानी एकच, पन त्याचा ताप तिघं अलग अलग पाह्यतात. कोनी कोनाच्या भरोशावर नाई." मी विज्ञानाचा पदवीधर आणि शाळेत विज्ञानच शिकवतो, म्हणून पाहुण्यांना पुढचं समजावण्याचं काम माझ्याकडे येई. इंजिन तापू नये म्हणून त्याच्याभोवती पाणी खेळवलेलं असतं. ते किती तापलं हे चालवणाऱ्याला समोरच्या काट्यावर दिसलं पाहिजे. इंजिनाच्या कॉम्प्युटरलाही ते कळलं पाहिजे, कारण इंजिन थंड असताना पेट्रोल जास्त सोडावं लागतं. आणि पाणी फार तापलं की पंखा सुरू झाला पाहिजे. जुन्या गाड्यांत या तीन कामांना तीन वेगळे सेंसर असत आणि प्रत्येकाची वायर थेट आपापल्या धन्याकडे जाई. पाहुणे माना हलवत आणि चहाकडे पाहत. भाऊ मात्र त्या तीन वायरींकडे असे पाहत, जसं आपण घरातल्या शहाण्या माणसांकडे पाहतो.

एका उन्हाळ्यात मेहकरकडच्या एका लग्नाला जाताना त्यांचं म्हणणं खरंही ठरलं. निम्म्या वाटेत काटा अचानक खाली जाऊन पडला. ताई म्हणाल्या, "बरं झालं, इंजिन थंड झालं." भाऊ गरजले, "मे महिन्यात थंड? तो काटा मेला!" गाडी लिंबाखाली थांबवून त्यांनी बोनेट उघडलं. आतून पंख्याचा घरघराट येत होता. "पाह्य," ते मला म्हणाले, "काट्याचा सेंसर गेला, पन पंख्याचा जित्ता हाय. एक मेला म्हनून सगळं गाव मरत नाई." पुढचा सगळा रस्ता त्यांनी त्या मेलेल्या काट्याला बोल लावले. आम्ही पोचलो तेव्हा लग्न लागून गेलं होतं. जेवणाच्या पंगतीत भाऊंनी प्रत्येकाला सेंसरची हकिगत सांगितली आणि प्रत्येकाने ती हसण्यावारी नेली. "भाऊंचा बायकोवर तरी भरोसा आहे काय?" असं एक जण वाढता वाढता म्हणाला.

मला याचा राग येतो. भाऊंना शंकेखोर म्हणणाऱ्या लोकांना शंकेखोर माणूस कसा असतो हेच माहीत नाही. शंकेखोर माणूस कोणाचंच ऐकत नाही. भाऊ सगळ्यांचं ऐकतात, म्हणून तर त्यांना उशीर होतो. ज्या देशात एकाने मोबाइलवर काही पाठवलं की शंभर जण ते खरं मानून पुढे पाठवतात, तिथे तीन माणसांना स्वतः जाऊन विचारणारा माणूस वेडा ठरतो, हे काही आपल्या शहाणपणाचं लक्षण नाही. शिवाय हा वेडेपणा नसता तर माझं लग्नच झालं नसतं.

माझं गाव रोहिणखेडच्या बाजूला. आई-वडील दुसऱ्याच्या शेतात राबणारे, आणि आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. मी नुकताच बी.एस्सी. झालो होतो, नोकरी नव्हती, आणि सासरेबुवांचं मन होत नव्हतं. तेव्हा थोरला जावई म्हणून भाऊंनी चौकशी अंगावर घेतली. त्यांनी माझ्या गावी तीन माणसं पाठवली: एक लांबचा नातेवाईक, एक ऑफिसातला शिपाई आणि एक बियाणं विकणारा. तिघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता. भाऊंची एकच चूक झाली. तिघांनाही सुट्टी म्हणून त्यांनी तिघांना रविवार दिला. आमच्या गावात एसटीतून अनोळखी माणूस उतरला की त्याला आधी विहाराच्या ओट्यावर बसवतात, पाणी देतात आणि कोणाकडे आलात म्हणून विचारतात. तिघंही त्या ओट्यावर शेजारी शेजारी बसले. तिघांच्याही प्रश्नांना उत्तरं दिली ती माझ्या सख्ख्या काकाने, कारण त्या दिवशी ओट्यावर तोच होता. मग काकाने तिघांना आमच्याच घरी जेवायला नेलं. आईने कोंबडी केली. तिघं एकाच बसने परतले आणि खामगावात उतरून तिघांनी एकच अहवाल दिला, "पोरगं सोन्यासारखं हाय."

भाऊंचा तो संताप पाहिलेले लोक अजून त्याची नक्कल करतात. "तीन सेंसर लावले," ते अंगणात येरझारा घालत ओरडत होते, "अन् तिन्हीची वायर एका कोंबडीले जोडली!" तो अहवाल त्यांनी मानलाच नाही. दुसऱ्या आठवड्यात ते स्वतः गाडी घेऊन आले. माझ्या शाळेच्या मास्तरांना भेटले, पिठाच्या गिरणीवरच्या बाईंना भेटले, आणि शेवटी माझ्या आईला त्यांनी इतकंच विचारलं, "पोराले राग कशाचा येते?" आई म्हणाली, "कोनी त्याच्या बापाले अरेतुरे केलं की." भाऊंनी गूळपाणी घेतलं, खामगावला परत गेले आणि सासरेबुवांना निकाल दिला, "तापते लौकर, पन उकयत नाई. चालन."

पदवीनंतर पुढे काय करायचं असतं हे सांगणारं आमच्या घरात कोणी नव्हतं. बी.एड. कर, हे भाऊंनी तीन प्राध्यापकांना विचारून मला सांगितलं. प्रवेशपरीक्षेच्या दिवशी एसटी बंद होती, तर पहाटे ही गाडी आमच्या दारात उभी राहिली आणि बुलढाण्याला परीक्षेच्या दारात मला उतरवून संध्याकाळपर्यंत तिथेच उभी होती. आज मी वर्गात फळ्यासमोर उभा असतो त्याचा रस्ता त्या गाडीतून गेला आहे. मी एकटाच नाही. त्यांच्या गल्लीतली किती बाळंतपणं, किती मोडलेले हात-पाय त्या गाडीने दवाखान्यात नेले. ताईंना माहेरी नेणं, कोणाच्या मयतीला पोचणं, कोणाच्या मुलाला स्टेशनवर सोडणं, हेच भाऊंचं निवृत्तीनंतरचं आयुष्य होतं. म्हणून गाडी सोडा म्हणणं म्हणजे त्यांना घरात बसा म्हणणं होतं, आणि घरात बसलेले भाऊ कोणालाच डोळ्यांपुढे आणता येत नव्हते.

प्रश्न निघाला तो नव्या गाडीवरून. भाऊंचा पुण्याचा मुलगा सुट्टीवर आला आणि भाऊंना आणि मला अकोल्याच्या एका शोरूममध्ये घेऊन गेला. टाय लावलेल्या विक्रेत्याने दार उघडून दाखवलं, समोरचा मोठा स्क्रीन दाखवला, मागचा कॅमेरा दाखवला. भाऊ म्हणाले, "बोनेट उघडा." त्याने उघडलं. भाऊंनी आत डोकं घातलं, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. "पान्याचे सेंसर कुठं हायेत?"

"एकच आहे काका. तो कॉम्प्युटरला सांगतो, कॉम्प्युटर बाकी सगळ्यांना सांगतो. काट्याला, पंख्याला, सगळ्यांना."

"अन् तोच खोटं बोलला त?"

"कॉम्प्युटरच्या लक्षात येतं. तो पंखा चालूच ठेवतो आणि दिवा लावतो."

"म्हंजे ज्यानं एकाच्याच सांगन्यावर भरोसा ठेवला," भाऊंचा आवाज शोरूमच्या काचांना लागला, "तोच मंग दिवा लावून सांगते, का मी फसलो?"

विक्रेता हसला, टाय सैल केला आणि आपल्या बोलीवर आला. तोही इकडचाच निघाला. "काका, तवाचे तीन सेंसर भरोसा नव्हता म्हनून नव्हते जी. त्या तिघायची भाषाच अलग होती. काट्याले करंट लागे, कम्प्युटरले बारीक सिग्नल लागे, पंख्याले निस्तं चालू-बंद. एकाच सेंसरवर दोघायले जोडलं त काटा करंट ओढे अन् कम्प्युटर भलतंच वाचे. एकमेकायशी बोलताच येत नव्हतं त्यायले. म्हनून तीन. आता बोलता येते, म्हनून एक."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "सर, खरं हाय काय हे?" मी शाळेत लागल्यापासून ते मला सर म्हणतात, तेही फक्त चिडलेले असताना. मी म्हटलं, "खरं आहे, भाऊ." त्यांनी बाहेर जाऊन पार्किंगच्या चौकीदाराला विचारलं, पण त्याला सेंसर माहीत नव्हता. परतीच्या वाटेवर ते सबंध वेळ धुमसत होते. "म्हंजे अक्कल होती म्हनून तीन नाई. बोलता येत नव्हतं म्हनून तीन! अन् मी एवढी वर्षं लोकायले बोनेट उघडून काय दाखवलं? मुकेपना?" नवी गाडी अर्थातच घेतली नाही.

त्या रात्री जेवताना मुलगा म्हणाला, "बाबा, नवी नाही तर नाही. पण मग गाडी चालवणंच बंद करा. तुम्हाला आता बाजूचं दिसत नाही."

भाऊंचा घास ताटात परत गेला. "कोन म्हनते?"

"मी म्हणतो."

"एकटा?" भाऊ म्हणाले. "एकट्याच्या सांगन्यावर मी पायजमा बदलत नाई, गाडी सोडीन काय बे?" ताईंकडे पाहून म्हणाले, "तुले काय वाटते?" ताई उत्तर द्यायला गेल्या तर त्यांनी हात वर केला. "आत्ता नाई! त्याचं ऐकलं ना तू? झाली वायर एक!" मग त्यांनीच कायदा केला. आम्ही तिघांनी, म्हणजे ताईंनी, मुलाने आणि मी, वेगवेगळ्या दिवशी त्यांच्यासोबत गाडीतून जायचं. आपसात अक्षर बोलायचं नाही. शेवटी एकेकाने येऊन त्यांना एकट्यांना सांगायचं. तिघांचं एक आलं तर गाडी सुटली. एकाचं जरी वेगळं आलं तरी पुढचा शब्द कोणी काढायचा नाही. त्या दिवसांत त्यांच्या घरी जेवणं म्हणजे शिक्षा होती. ताईंनी मला नुसतं विचारलं, "भाजीले मीठ बरं हाय काय?" तर भाऊ आतून ओरडले, "बोलू नका!" मुलगा ताटाकडे बघून हसला, तर तेही चाललं नाही. "हासनं बी एक प्रकारचं बोलनंच असते!"

माझी पाळी आली तेव्हा त्यांनी माझ्या गावाकडचा रस्ता धरला. सकाळची वेळ होती, दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. मागून एक ट्रक बराच वेळ हॉर्न वाजवत होता, आणि भाऊ मला म्हणाले, "किती शांत रस्ता हाय, नाई?" पुढे एका पुलाचा पांढरा कठडा दिसला, तर त्यांनी त्याला माणूस समजून ब्रेक दाबला. त्यानंतर वळणावर एक बाई दोन शेळ्या घेऊन रस्ता ओलांडत होती. मला वाटलं, आता थांबतील. आता थांबतील. मी ओरडलो आणि हातब्रेक ओढला. गाडी तिरपी होऊन थांबली. एक शेळी बोनेटच्या टोकाशी मान घालून ओरडत होती.

बाईने दोरी गुंडाळली आणि खिडकीशी आली. "डोये घरी ठेवून आले काय जी?"

"तूच कुठून आली एकदम?" भाऊ म्हणाले.

"एकदम? म्या काय आभायातून पडली? तिकून इथपर्यंत चालत आली, दोन बकऱ्या घेऊन! तुमच्या या पोराले दिसली, तुमालेच नाई दिसली." शेळ्यांना पुढे घालून ती बोलत बोलत निघून गेली.

एरवी भाऊंनी तिला पुढच्या गावापर्यंत उत्तर दिलं असतं. ते स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. मग मला म्हणाले, "ते तिथंच होती काय बे?" सांगायची वेळ अजून आली नव्हती, म्हणून मी नुसता हातब्रेक खाली केला. त्यांनी गाडी वळवली आणि सायकलच्या वेगाने खामगावला आणली.

रविवारी सकाळी त्यांनी अंगणात बोनेट उघडलं आणि आत वाकून उभे राहिले, म्हणजे आमच्या तोंडाकडे पाहायला नको. आधी ताई गेल्या. परत आल्या तेव्हा पदर डोळ्यांना होता. मग मुलगा गेला आणि खाली मान घालून आत आला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. मग मी गेलो.

"सांग," भाऊ इंजिनाकडे बघत म्हणाले.

"भाऊ..."

"भाऊ-भाऊ करू नको. तुले परीक्षेले नेलं ते इसर. मी तुया साडू हे बी इसर. काट्यावानी सांग, जेवढं हाय तेवढं."

"नका चालवू, भाऊ."

"आजच्या दिस की कायमची?"

"कायमची."

"त्या दोघायशी बोलला तू?"

"नाही."

"त्यायनं काही खुनावलं?"

"नाही, भाऊ. मला माहीतही नाही ते काय म्हणाले."

"ते बी हेच म्हनले," भाऊ म्हणाले.

मी त्यांच्या संतापाची वाट पाहत होतो. इतकंच नव्हे, तो यावा असं मला मनापासून वाटत होतं. पण ते वाकून पाहतच राहिले, जणू आम्हा तिघांना जोडणारी एखादी वायर कुठेतरी सापडेल. तशी वायर नव्हती. आम्हा तिघांनाही कित्येक महिन्यांपासून हे दिसत होतं, आणि त्यांच्याविषयी असं काही एकमेकांशी बोलण्याची हिंमत कोणालाच झाली नव्हती. भाऊंनी आम्हाला वेगळं ठेवण्याची गरजच नव्हती. बोलता येत नव्हतं म्हणून तीन, हे शोरूममधल्या त्या विक्रेत्याचं बोलणं मला तेव्हा आठवलं, पण ते बोलून दाखवण्यासारखी ती वेळ नव्हती. भाऊंनी बोनेट हळूच खाली केलं. एरवी ते दणकन आपटत. चावी ताईंच्या हातात दिली आणि म्हणाले, "चहा टाक."

त्यानंतर ते गप्प झाले. हवामानाचा अंदाज मुलाने सांगितला की "बरं" म्हणत. ताईंनी एकदा मुद्दाम एकाच दुकानात भाव विचारून साड्या आणल्या, तरी ते "चांगल्या हायेत" म्हणाले. ताईंनी मला फोन करून सांगितलं, "घरात आवाजच नाई रे. मले झोप येत नाई." मी दुसऱ्याच रविवारी खामगावला गेलो आणि म्हटलं, "भाऊ, मला रोहिणखेडला काम आहे. गाडी मी चालवतो, तुम्ही सोबत या." मी गाडी शिकलो होतो, पण हात बसलेला नव्हता. भाऊ आपला कोट घालून बाहेर आले आणि सवयीने थेट चालवण्याच्या बाजूच्या दाराशी गेले. त्यांनी दार उघडलं. मग त्यांचं पाऊल थांबलं. मी फाटकाशी उभा होतो. दार तसंच धरून ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "बस ना. तुयासाठीच त उघडलं."

मी बसलो. ते वळसा घालून दुसऱ्या बाजूला येऊन बसले, मांडीवर हात ठेवून, एखाद्याच्या घरी पहिल्यांदा गेलेल्या पाहुण्यासारखे. गावाबाहेर पडेपर्यंत ते खिडकीतून बाहेर पाहत होते. मी घाबरलो होतो. चढावर माझा गिअर चुकला, गाडी कण्हली, हिसका बसला आणि बंद पडली.

"अबे, क्लच!" भाऊ ओरडले. "क्लच दाब ना बे! काऊन आपटून राह्यला त्याले? कोनं शिकवलं तुले? एकानंच शिकवलं असन! दोन-तीन जनाले इचारायचं होतं!"

पुढे सबंध रस्ता ते माझ्यावर, मला शिकवणाऱ्यावर, लायसन देणाऱ्या साहेबावर आणि एकूणच हल्लीच्या काळावर चिडलेले होते. त्यांचे कान लाल झाले होते. इतकी बोलणी खाऊन मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं, आणि रोहिणखेड येईपर्यंत मी अधूनमधून गिअर मुद्दाम चुकवत राहिलो.